घोडा कुठलाही जिंको

शर्यत सुटायला अजून दहा मिनिटे आहेत. बारा घोडे रिंगणात फिरताहेत, जॉकी लगाम तपासताहेत, आणि गर्दीतल्या एका माणसाने या शर्यतीत दोनशे रुपये आधीच कमावले आहेत. कुठला घोडा पहिला येणार हे त्याला माहीत नाही. आता त्याला त्याची फिकीरही उरलेली नाही. बारांपैकी कुठलाही जिंको, त्याचे दोनशे कुठे जात नाहीत.

यात आतली खबर नाही, जॉकीशी साटेलोटे नाही, शर्यत ‘फिक्स’ केलेली नाही. आहे तो शाळकरी मुलाला जमेल असा गुणाकार-भागाकार. इंग्लंडमध्ये गेली पंचवीस वर्षे काही लोक घोड्यांच्या शर्यतींवर आणि फुटबॉलच्या सामन्यांवर असा व्यापार करत आले आहेत. पैज लावायची आणि निकाल लागण्याआधीच ती विकून मोकळे व्हायचे. आपल्याकडे असा ऑनलाइन व्यवहार कायद्याने बंद आहे, त्याकडे पुढे येऊच. पण त्यामागचे गणित इतके विलक्षण आहे की एक रुपयाही न लावता ते समजून घेण्यातच मौज आहे.

फळ्यावरचे ११५

छत्रपती संभाजीनगरला रेसकोर्स नाही. आपल्याला जवळचे म्हणजे पुण्याचे, नाहीतर मुंबईतले महालक्ष्मी. दोन्ही ठिकाणच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई, असा मोसम फिरतो. महालक्ष्मीचे मैदान १८८३ सालचे, आणि देशातली सगळ्यात मानाची इंडियन डर्बी १९४३ पासूनची. तिथे पैसे लावायच्या दोन रीती आहेत. एक बुकीकडे, दुसरी टोटच्या खिडकीवर.

आधी बुकी. त्याच्या फळ्यावर पाच घोडे आहेत असे समजू. पहिल्याचा भाव अडीच, म्हणजे शंभर लावले आणि घोडा आला तर मुद्दलासकट अडीचशे हातात. दुसऱ्याचा भाव चार, तिसऱ्याचा आणि चौथ्याचा पाच-पाच, पाचव्याचा दहा. आता प्रत्येक भावाने शंभराला भागा. उत्तरे येतात ४०, २५, २०, २० आणि १०. हे टक्के आहेत. तो तो घोडा जिंकण्याची शक्यता किती, हे भावाच्या पोटात दडलेले असते आणि भागाकार केला की बाहेर येते.

या टक्क्यांची बेरीज करा. ११५ भरते. पाचांतला एकच घोडा पहिला येणार असल्याने शक्यतांची बेरीज शंभरच हवी होती. वरचे पंधरा बुकीचे. समजा लोकांनी पाच घोड्यांवर अनुक्रमे ४०, २५, २०, २० आणि १० हजार रुपये लावले. गल्ल्यात १ लाख १५ हजार जमले. आता कुठलाही घोडा आला तरी बुकीला बरोबर १ लाख द्यावे लागतात. करून पाहा, चाळीस हजारांची अडीचपट आणि दहा हजारांची दहापट सारखीच. पंधरा हजार त्याचे. घोड्यांशी त्याला देणेघेणे नाही, त्याचे लक्ष समतोलावर.

लोक मात्र असे मापात पैसे लावत नाहीत. एखाद्या घोड्यावर झुंबड उडाली की बुकी त्याचा भाव कमी करतो, म्हणजे नवे गिऱ्हाईक दुसऱ्या घोड्याकडे वळते. तेवढ्याने भागले नाही तर तो आपल्यावरचा बोजा मोठ्या बुकीकडे उतरवतो. या धंद्यात त्याला ‘कटिंग’ म्हणतात. निकालाआधीच पैजेची विक्री! आपल्या सुरुवातीच्या माणसाची युक्ती बुकीला फार पूर्वीपासून ठाऊक होती. फक्त ती गिऱ्हाइकाच्या हाती नव्हती.

टोटची तऱ्हा वेगळी. तिथे सगळ्यांचे पैसे एका पेटीत जातात, क्लबचा आणि सरकारचा वाटा काढला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. ही कल्पना १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने रूढ केली. तिच्यात एक अडचण होती. हजारो तिकिटे विकली जात असताना प्रत्येक घोड्याची बेरीज क्षणोक्षणी करायची कशी? जॉर्ज ज्युलियस नावाच्या अभियंत्याने मतमोजणीसाठी एक यंत्र योजले होते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारला ते नको होते, म्हणून त्याने ते रेसकोर्सकडे वळवले. १९१३ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर ते उभे राहिले. विजेवाचून, लोखंडी वजनांच्या ओढीने आणि तारांच्या जाळ्याने ते एकाच वेळी कित्येक खिडक्यांवरच्या विक्रीची बेरीज करी. एकाच वेळी अनेकांनी वापरायच्या संगणकाचा एक पूर्वज असा घोड्यांच्या मैदानावर जन्मला.

लावणे आणि खाणे

टोटमध्ये असो की बुकीकडे, साध्या पंटरला, म्हणजे पैज लावणाऱ्याला, एकच गोष्ट करता येते: ‘हा घोडा येईल’ म्हणून पैसे लावणे. ‘हा घोडा येणार नाही’ असे म्हणून समोरच्याची पैज अंगावर घेणे हा बुकीचा हक्क. आपल्याकडच्या सट्ट्याच्या बाजारात या दोन बाजूंना लगाई आणि खाई म्हणतात. भावही जोडीने बोलला जातो, ४५-४७ पैसे असा. एक आकडा लावणाऱ्याचा, दुसरा खाणाऱ्याचा. शेअर बाजारातही खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन दर शेजारी शेजारी दिसतात, तसेच हे.

२००० सालच्या जूनमध्ये लंडनमध्ये अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे या दोघांनी बेटफेअर सुरू केले आणि खाण्याचा हक्क सर्वांना खुला केला. तिथे बुकी नाही. एक माणूस लावतो, दुसरा खातो, कंपनी दोघांची गाठ घालून देते आणि जिंकणाऱ्याच्या नफ्यातून दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास अडत घेते. ब्लॅकने शेअर बाजारासारखाच दरांचा तक्ता पैजांसाठी मांडला होता. पैज त्या दिवसापासून माल झाली. घ्या, ठेवा, विका.

आता ते दोनशे रुपये. एका घोड्याचा भाव ६ असताना आपल्या माणसाने हजार रुपये लावले. घोडा आला तर पाच हजार नफा, नाही आला तर हजार तोटा. थोड्या वेळाने त्या घोड्याकडे पैसा वळला आणि भाव ५ वर आला. आता त्याने त्याच घोड्यावर दुसऱ्या कुणाची १,२०० रुपयांची पैज ५ च्या भावाने खाल्ली. घोडा जिंकला तर पहिल्या पैजेत पाच हजार मिळतात, दुसरीत ४,८०० द्यावे लागतात, उरले दोनशे. घोडा हरला तर पहिलीत हजार जातात, दुसरीत बाराशे मिळतात, उरले दोनशे. बाराशे हा आकडा आला कुठून? सहा गुणिले हजार, भागिले पाच. बस.

आता उलट बाजू पाहा. भाव उतरण्याऐवजी चढत गेला, घोड्याकडे कुणी फिरकेना. दोनशे रुपयांचा तोटा पत्करून सुटायचे असेल तर भाव किती झालेला असेल? सहाचे पाच झाले तेव्हा दोनशे मिळाले, म्हणजे सहाचे सात झाले की दोनशे जातील, असे पटकन वाटते. उत्तर आहे साडेसात. त्या भावाने आठशे रुपयांची पैज खाल्ली की दोन्ही निकालांत बरोबर दोनशे जातात. एका बाजूला एकाचा फरक, दुसऱ्या बाजूला दीडाचा, आणि रुपये मात्र सारखे. हे कसे?

भावांचे टक्के केले की कोडे सुटते. सहा म्हणजे १६.६७ टक्के, पाच म्हणजे २० टक्के, साडेसात म्हणजे १३.३३ टक्के. वर ३.३३, खाली ३.३३. हलत होती ती शक्यता, आणि फळ्यावरचा भाव ही तिची एक वाकडी सावली होती. मुरलेला खेळाडू ती सावली बाजूला सारून टक्क्यांत विचार करतो.

कापसाचा आकडा

निकालाची वाट न पाहता भावाच्या हालचालीवर जगायचे, ही गोष्ट मराठवाड्याला परकी नाही. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १८८९ साली सूतगिरणी उभी राहिली. १९०० मध्ये हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे आली आणि तिच्या पाठोपाठ सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने आले. मनमाडमार्गे मुंबईचा बाजार जवळ आला. मुंबईत तेव्हा कापसाचे वायदे जोरात होते. पीक शेतात असतानाच पुढच्या महिन्यांचे सौदे व्हायचे, आणि कापसाचे बोंडही न पाहिलेली माणसे ते घेऊन विकायची. ‘तेजी-मंदी’ नावाचे ऐच्छिक सौदेही चालत. त्यांना आवर घालायला १९३९ मध्ये मुंबई प्रांतात खास कायदा करावा लागला.

त्याच कापसातून आणखी एक फाटा फुटला. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधला उघडता आणि बंद होतानाचा दर तारेने मुंबईला येई, आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावत. १९६१ मध्ये ते आकडे यायचे थांबले. पण आकड्यांची चटक लागलेली होती. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. आता आकडा कापसातून येत नव्हता, सोडतीतून निघत होता.

मटका आणि रेस या दोन्हींना आपण एकाच दमात जुगार म्हणतो. पण गणिताच्या नजरेने त्यांच्यात फार अंतर आहे. मटक्यात दहा आकडे, आणि एकेरी आकडा लागला तर साधारण नऊपट. हे प्रमाण सकाळी तेच, संध्याकाळी तेच. कुणी कितीही अभ्यास करो, पुढच्या आकड्याबद्दल कुणालाच काही कळू शकत नाही. म्हणून भाव हलण्याचे कारण नाही, आणि जिथे भाव हलत नाही तिथे घेणे-विकणेही नाही. घोड्याचे तसे नाही. मैदान भिजले, जॉकी बदलला, घोडा रिंगणात घामाघूम दिसला, की कुणीतरी ते टिपतो आणि पैसे हलवतो. ती बातमी भावात उतरते. व्यापार चालतो तो या उतरण्याच्या वाटेवर.

लाथ आणि गोल

फुटबॉलमध्ये भाव हलवायला बातमीही लागत नाही. नुसते घड्याळ पुरते.

समजा दोन संघांच्या सामन्यात मिळून सरासरी २.७ गोल होतात. पैज अशी की एकूण गोल दोन किंवा त्याहून कमी होतील. याची शक्यता काढायचे सूत्र फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ साली दिले. ते गाजले मात्र १८९८ मध्ये, आणि तेही घोड्यांमुळे. बोर्टकिएविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले त्याच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. दहा तुकड्यांची वीस वर्षे म्हणजे दोनशे नोंदी, एकूण मृत्यू १२२. सूत्र सांगत होते की सुमारे १०९ नोंदींत एकही मृत्यू नसावा, ६६ नोंदींत एक, २० नोंदींत दोन. प्रत्यक्षात आकडे होते १०९, ६५ आणि २२. लाथ कधी बसेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण अशा शेकडो अनिश्चितता एकत्र आल्या की त्यांना शिस्त येते. गोलही बराचसा तसाच, क्वचित आणि न सांगता होणारा. म्हणून घोडदळाचे सूत्र फुटबॉलला लागू पडते. इंग्लंडमध्ये १९८२ मध्ये माहर यांनी आणि १९९७ मध्ये डिक्सन व कोल्स यांनी याच पायावर सामन्यांचे अंदाज बांधणारे शोधनिबंध लिहिले.

२.७ या सरासरीला आपल्या पैजेची शक्यता येते ४९ टक्के, म्हणजे भाव २.०३. सामना सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत काहीच घडले नाही. शक्यता ६१ टक्क्यांवर चढली, भाव १.६४ झाला. अर्धा तास गोलशून्य गेला तर ७३ टक्के, भाव १.३७. मैदानावर नुसती पासांची देवाणघेवाण चाललेली, प्रेक्षक जांभया देताहेत, आणि इकडे पैजेची किंमत मिनिटामिनिटाला वाढते आहे! २.०३ ला लावलेले हजार पंधराव्या मिनिटाला विकले तर सुमारे २३५ रुपये सुटतात.

मग रोज हेच का करू नये? कारण त्या पंधरा मिनिटांत निदान एक गोल होण्याची शक्यता ३६ टक्के आहे. एक गोल झाला तर तीनशेच्या वर तोटा, दोन झाले तर जवळजवळ आठशे, तीन झाले तर हजारच्या हजार. प्रत्येक शक्यतेला तिच्या नफ्यातोट्याने गुणून बेरीज मांडली की एका बाजूला १४९ रुपये, दुसऱ्या बाजूलाही १४९. उत्तर शून्य. भाव रास्त असेल तर घड्याळाने दिलेले सगळे गोल काढून घेतो, पैसुद्धा इकडेतिकडे होत नाही. मला या सगळ्या विषयातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. घेण्याची वेळ बदला, विकण्याची बदला, उलटसुलट कितीही युक्त्या लढवा, रास्त भावातून नफा गाळता येत नाही.

गर्दी कुठे चुकते?

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की भाव रास्त असतात का. बहुतांशी असतात, आणि तेही नवल आहे. शर्यतीला जमलेल्या लोकांत घोड्याचे नाव आवडले म्हणून पैसे लावणारा असतो, स्वप्नात आकडा दिसला म्हणून लावणारा असतो, आणि रेसचे पुस्तक तोंडपाठ केलेला जाणकारही असतो. तरी सगळ्यांच्या पैशांतून जो भाव बनतो त्याचे टक्के निकालांशी बरेच जुळतात.

फटी आहेत, पण बारीक. १९४९ मध्ये अमेरिकेत ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने रेसचे निकाल आणि भाव ताडून पाहिले. जिंकणे जवळपास अशक्य अशा घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेवरेट घोड्याला किंचित कमी लेखतात, असे त्याला दिसले. एकास पन्नास मिळतील या मोहाची ती किंमत. पुढे अनेक देशांत ही खोड आढळली. मात्र निव्वळ फेवरेटवर लावून श्रीमंत होता येत नाही, कारण फरकापेक्षा टोटचा वाटा मोठा असतो.

या फटीतून खरोखर आत शिरलेला माणूस म्हणजे अमेरिकेचा बिल बेंटर. १९८०च्या दशकात त्याने हाँगकाँगच्या शर्यतींसाठी संगणकावर गणिती नमुना बांधला. घोड्याची आधीची धाव, वजन, अंतर, जॉकी, असे कितीतरी घटक त्यात होते. १९९४ मध्ये त्याने आपली रीत शोधनिबंधात मांडली. त्यातला कळीचा भाग असा की नमुन्याच्या अंदाजात त्याने लोकांनी ठरवलेला भावही मिसळला. संगणकाला जे दिसत नव्हते ते गर्दीला कुठूनतरी कळलेले असे. गर्दीला हरवायचे तर आधी तिचे ऐकावे लागते, हे बेंटरच्या यशाचे मर्म.

साध्या व्यापाऱ्याची गत काय? समोर पैज विकत घेणारा प्रत्येक जण त्याच्याइतकाच हुशार, किंवा जास्त. एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा, आणि दोघांच्या मधून अडत जाते. म्हणजे सगळ्यांची मिळून बेरीज नेहमी शून्याच्या खाली. चालू सामन्यात पैज नोंदवताना काही सेकंद मुद्दाम थांबवले जाते, कारण मैदानात बसलेल्याला गोल आधी दिसतो आणि टीव्हीवाल्याला नंतर. एवढे करून जो वर्षानुवर्षे जिंकतो त्याच्यावर बेटफेअरने २००८ मध्ये वेगळा आकार बसवला. २०११ मध्ये काहींच्या बाबतीत तो नफ्याच्या साठ टक्क्यांपर्यंत गेला.

महाराष्ट्रात तर हिशेब सुरू होण्याआधीच संपतो. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने फुटबॉलवरची पैज गुन्हा आहे. घोड्यांच्या शर्यतीला परवानाधारक रेसकोर्सवर सूट आहे, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कौशल्याचा खेळ ठरवले. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. रेसकोर्सवरच्या पैजेवरही २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो नफ्यावर नसून लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. हजाराच्या पैजेवर चारशे कर, आणि ज्या चलाखीने आपण सुरुवात केली तिची कमाई दोनशे!

तरीही आपण गर्दीपेक्षा शहाणे आहोत का, हे कुणालाही फुकटात तपासता येते. त्याची रीत हवामानखात्याच्या कामातून आली आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये पावसाचे अंदाज तोलण्यासाठी ती सुचवली. सामन्याआधी वहीत आपला टक्का लिहायचा, समजा यजमान संघ जिंकेल ७० टक्के. तो जिंकला तर चूक ०.३, हरला किंवा बरोबरी झाली तर ०.७. चुकीचा वर्ग करायचा, आणि शेदोनशे सामन्यांच्या वर्गांची सरासरी काढायची. सरासरी जितकी लहान तितका अंदाज बरा. डोळे मिटून दर वेळी ५० टक्के लिहिणाऱ्याला ०.२५ मिळतात. शेजारच्या रकान्यात त्याच सामन्यांच्या भावांतून निघणारे टक्के मांडायचे, बेरीज शंभराच्या वर गेली असेल तर ती शंभरावर आणून, आणि त्यांचीही सरासरी काढायची. तुमचा आकडा भावाच्या आकड्यापेक्षा लहान आला तर तुम्हाला काहीतरी असे कळते जे बाजाराला कळत नाही. मोठा आला, आणि बहुतेकांचा मोठाच येतो, तर वहीच्या किमतीत तुम्ही पुष्कळ पैसे वाचवलेत.